बाहेरच्याचा कोपरा

शिमतच्या घराचं दार तसं बरं होतं, पण त्यावरची तुळई फारच खाली होती. शिवाय ती मधोमध पोक काढून बसलेली. ताठ मानेनं आत शिरणाऱ्याला कपाळावर प्रसाद मिळालाच समजा. चार वर्षांपूर्वी अश्शूरच्या शिपायांनी हमाथहून हाकत आणलेल्या लोकांना या डोंगरातली रिकामी घरं वाटून दिली, तेव्हा शिमतच्या नवऱ्याच्या, हदरामच्या वाट्याला हे घर आलं. पहिल्याच पावलाला त्याला टेंगूळ आलं, आणि मग रोजच येत गेलं. शेवटी शिमतनं तुळईला लाल चिंधी बांधली, पण शेतावरून दमून आलेला माणूस चिंधीकडे कुठं बघतो? कपाळ चोळत हदराम घर बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. बांधणारा कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. ते लोक कधीच दूर हाबोर नदीकडे हाकले गेले होते. मागं राहिलं होतं एक जातं, दोन रांजण आणि बांधावरचं अंजिराचं झाड.

घरात टेंगूळ न आलेलं माणूस एकच, हदरामची आई. ती मुळातच कमरेत वाकलेली. "मला देवानं आधीच वाकवून पाठवलंय," असं ती म्हणायची.

दुसऱ्या हिवाळ्यात हदरामला सिंहानं नेलं. चुकलेलं गाढव शोधायला तो वरच्या तालीवर, डोंगरातल्या बांधाच्या पायरीवर, गेला होता. गाढव आपल्या पायांनी घरी आलं, हदरामची एक वहाण तेवढी सापडली. शिमत खूप रडली, आणि पेरणीचे दिवस होते म्हणून चौथ्या दिवशी पेरायला गेली. घर आणि शेत होतं म्हणून दोघी बायका तगल्या, नाहीतर कुणाच्या दारात उभ्या राहणार होत्या?

आता गावं ओस पडली, बांध ढासळले, झुडपं माजली, की सिंह येणारच. पण इतकं सरळ कारण माणसाला पटत नाही. गावाचा मुखिया इद्दिन हा कुथा शहराचा, तोही असाच हाकत आणलेला. कुथाचे लोक नेरगल देवाचे, आणि सिंह हा नेरगलचा लाडका प्राणी. इद्दिननं वहाणेजवळचे ठसे पाहून निकाल दिला, "हा आमचा नव्हे. आमच्याकडचा सिंह मी ओळखतो. हा इथल्या देवानं सोडलाय. आपण त्याच्या जमिनीवर येऊन बसलो आणि त्याला साधा नमस्कार घातला नाही. त्याची रीत काय, तो खातो काय, कुणाला ठाऊक आहे?"

"एवढी ओळख आहे तर बोलायचं ना त्याच्याशी," म्हातारी म्हणाली. पण तिचाच मुलगा गेला होता, त्यामुळे कुणी हसलं नाही.

इद्दिननं वर अर्ज धाडला, की या भूमीच्या देवाची रीत जाणणारा एखादा माणूस परत पाठवा. अर्जाला वर्ष लागलं.

पुजारी आला तो हिवाळा सरता सरता. पन्नाशीचा, वाळलेला, एका पायानं किंचित लंगडणारा माणूस. नाव गद्दियाव. सोबत एक शिपाई आणि एक हुकूम. शिपायानं हुकूम वाचून दाखवला, आणि इद्दिननं तो त्याच्याकडून तीनदा वाचून घेतला. हा पुजारी इथल्याच टेकडीवरच्या देवळातून नेलेला. त्यानं लोकांना रीत शिकवावी. गावानं त्याला जेवू घालावं, आणि तो बोट दाखवील ते घर जमिनीसकट त्याला रिकामं करून द्यावं.

शेवटचं वाक्य ऐकून जो तो आपल्या घराकडे बघू लागला. माणूस इथलाच, म्हणजे या तीस घरांतलं एखादं त्याचंच असणार.

"पुजारीबुवा, यातलं तुमचं घर कुठलं हो?" इद्दिननं आवाजात मध घालून विचारलं.

"सहा वर्षं झाली," गद्दियाव म्हणाला. "आता सगळी सारखीच दिसतात."

यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. पाळीपाळीनं तो एकेका घरी जेवायला जाऊ लागला, आणि ज्याची पाळी त्याचं घर आदल्या दिवशीच अवकळा धरू लागलं. कुणी शेळ्या आत बांधल्या, कुणी छपरावरचा चिखल उकरून ठेवला. एका बाईनं स्वतःच्या भट्टीचा काठ मुसळानं फोडला. इद्दिनचं घर गावात सर्वांत चांगलं. त्यानं भिंतीवर शेण फासलं आणि जेवणभर ओल किती येते ते सांगत राहिला. इतक्या वर्षांत आपलंच घर असं जिव्हाळ्यानं कुणी बिघडवलं नसेल.

शिमतची पाळी आली तेव्हा म्हातारीनं भट्टीत ओली लाकडं घालून घरभर धूर केला. शिमतनं वेगळं काम केलं. तिनं तुळईवरची लाल चिंधी सोडून घेतली. एक सणसणीत बसू दे कपाळावर, म्हणजे या घराचं नाव काढणार नाही, असा तिचा हिशेब.

दिवेलागणीला गद्दियाव आला. अंगणातल्या म्हातारीला तो गुडघ्यांचं विचारत होता. मान तिच्याकडे, नजर तिच्याकडे, आणि पाय मात्र चालत होते. दाराशी येताच त्याचं डोकं आपसूक खाली गेलं. नुसतं खाली नाही, जरा डावीकडे, जिथं तुळईचं पोक कमी होतं तिथून. आत जाऊन ते पुन्हा वर आलं. बोलणं मध्ये तुटलंसुद्धा नाही.

शिमतच्या हातातली चिंधी हातातच राहिली.

जेवताना त्यानं न बघता मागं हात नेला, भट्टीमागच्या कोनाड्यात. तिथं शिमतनं हमाथहून ओटीत लपवून आणलेली अशीमा देवी बसवली होती. बोटं देवीला लागताच त्यानं हात मागं घेतला.

"मीठ हवं होतं," तो म्हणाला.

"मीठ इकडे आहे," शिमत म्हणाली आणि वाटी पुढं सरकवली. पुढचं जेवण दोघांनीही खाली मान घालून उरकलं.

तो गेल्यावर म्हातारी म्हणाली, "नशिबाचा धनी. पहिल्याच फेरीत कपाळ वाचलं बघ."

"हो ना, आत्याबाई," शिमत म्हणाली. तिनं सासूला काही सांगितलं नाही. म्हातारी एकदा उपटली गेली होती, पुन्हा उपटली तर जगायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि त्या माणसाचा तिला इतका राग आला, की त्याची थाळी तिनं दोनदा राखेनं घासली.

सगळ्या घरांची पाळी झाल्यावर गद्दियावनं लोकांना खळ्यावर बोलावलं आणि रीत सांगितली. त्यांची बोली तो हाबोरकडे शिकला होता. बोलायचा ठीक, पण एखादा शब्द अडला की आपल्या भाषेतला ठोकून द्यायचा. सातव्या दिवशी काम करायचं नाही, हे सगळ्यांना लगेच पटलं. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवायचं नाही, म्हटल्यावर हमाथच्या बायका कुजबुजल्या. लग्नाकार्यातला त्यांचा तोच पदार्थ.

"मग काय पाण्यात उकडायचं?" म्हातारीनं विचारलं. "देवाच्या तोंडाला चव नाही का?"

गद्दियाव पुढं गेला. "कापणी करताना शेताचा कोपरा सोडायचा. तो कापायचा नाही. पडलेल्या कणसांचा सरवाही उचलायचा नाही. तो गेरसाठी असतो."

मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि हसू सगळीकडे पसरलं. गावात चालणाऱ्या हमाथच्या बोलीत गेर म्हणजे बाहेरख्याली, दुसऱ्याच्या बायकोकडे जाणारा माणूस.

"त्याच्यासाठी कोपरा?" इद्दिननं डोळे पुसत विचारलं. "उघड्यावर? सगळ्यांच्या देखत?"

"देखतच," गद्दियाव गंभीरपणे म्हणाला. लोक का हसतात ते त्याला कळलं नव्हतं. "त्याला शोधत जावं लागू नये. देवाचं त्याच्यावर फार लक्ष असतं."

"असणारच," म्हातारी म्हणाली. "आमचंही असतं."

हसण्याचा जोर ओसरल्यावर इद्दिननं सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "आणि घराचं काय ठरवलंत, बुवा?"

गद्दियावनं गावाकडे पाहिलं. शिमतला वाटलं, त्याची नजर तिच्या अंजिरावर जरा जास्त थांबली. "सातू उभा आहे," तो म्हणाला. "ज्यानं पेरलं त्यानं कापावं. कापणी झाली की बोट दाखवीन." आणि तो टेकडीवरच्या मोडक्या देवळाशेजारी एका पडवीत राहायला गेला.

पुढचे दोन महिने शिमतला अन्न गोड लागलं नाही. बाकीची घरं हळूहळू निर्धास्त झाली, शेळ्या बाहेर गेल्या, भिंती धुतल्या गेल्या. तिला एकटीलाच ठाऊक होतं बोट कुणीकडे वळणार ते. सिंह दोनदा आला. दुसऱ्या खेपेला त्यानं इद्दिनचं गाढव नेलं, आणि इद्दिन म्हणाला, की रीत अजून अंगवळणी पडली नाही म्हणून.

सातू पिवळा पडायला लागला त्या सुमारास एका सकाळी ती शेतावर गेली, तर गद्दियाव तिच्या खालच्या बांधाशी गुडघ्यावर बसलेला. निखळलेला एक दगड तो परत बसवत होता. दगड न फिरवता, कोणती बाजू आत जाते ते न बघता बसवत होता. शिमतच्या संयमाचा बांध तुटला.

"घर तुमचंच आहे ना?"

त्यानं वर पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"तुमच्या डोक्यानं. त्या दारात वाकलं ते. माझा नवरा दोन वर्षं राहिला, मरेपर्यंत टेंगळं घेऊन फिरला. आणि तुम्ही एका फटक्यात आत."

गद्दियावनं दगडावरची माती झटकली. "बाप ठेंगणा होता माझा," तो म्हणाला. "लाकूडही तसलंच वाकडं मिळालं. आई म्हणायची, बदला. तो म्हणायचा, माझं काही अडत नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "हाबोरला घर दिलं होतं आम्हाला. दार चांगलं उंच. मी सहा वर्षं त्या दारातून वाकून आतबाहेर केलं. शेजारची पोरं माझी नक्कल करायची. बायको म्हणायची, अहो, ताठ चाला, इथं काही नाही वर. ती गेली तिथंच."

शिमतला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं याचाही राग आला. "मग दाखवणार बोट?"

"माहीत नाही, बाई. खोटं कशाला सांगू? रोज सकाळी ठरवतो दाखवायचं. इथं येतो, सातू बघतो. मी लावला असता त्याहून दाट आहे."

"खत घातलंय. नवऱ्याचं रक्तही सांडलंय वरच्या तालीवर."

त्यानं दगड जागी ठोकला. शिमत जायला वळली आणि मग, राग कुठंतरी काढायचाच म्हणून, म्हणाली, "आणि तुमचा तो देव. घरदार सोडून त्या बाहेरख्याली लोकांचं पोट भरायची काळजी त्याला."

"कुठले बाहेरख्याली?"

"तुमचे गेर."

गद्दियाव बघतच राहिला. तिनं अर्थ सांगितला, अगदी तोंडावर. तेव्हा तो माणूस पहिल्यांदा हसला. हसता हसता बांधाला टेकला. "म्हणून! म्हणून खळ्यावर... अरे देवा. आणि मी म्हटलं, देवाचं लक्ष असतं." डोळे पुसून तो म्हणाला, "तसं नाही, बाई. आमच्यात गेर म्हणजे बाहेरचा. बाहेरून येऊन वस्तीला राहिलेला. ज्याला त्या गावात आपलं शेत नाही, आपलं माणूस नाही, असा. त्याच्यासाठी कोपरा."

"म्हणजे आमच्यासाठी."

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. शेत तिच्या नावावर होतं, पेरलेलं तिनं होतं. गावात त्याचं आता एक माणूस नव्हतं. दोघांनाही एकदमच ते दिसलं. त्यानं दुसरा दगड उचलला. ती वर निघून गेली.

कापणी सुरू झाली. देवाचा धाक आणि सिंहाची भीती, त्यामुळे प्रत्येकानं कोपरा सोडला. पण वाकून तो कापणार कोण? जो विळा घेऊन तिथं जाईल त्याच्या घरी त्या दिवशी भांडण ठरलेलं. इद्दिनच्या कोपऱ्याकडे एक म्हातारा नुसता लघवीला गेला, तर त्याच्या बायकोनं चार दिवस त्याच्याशी अबोला धरला. गावभर पिवळे कोपरे उभे, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून बायाबापड्या पोट धरून हसत होत्या. शिमतनं खरा अर्थ कुणाला सांगितला नाही. गद्दियावनंही सांगितला नाही.

शेवटच्या दिवशी शिमतचंच शेत उरलं होतं. अंजिराखालच्या तालीपर्यंत कापत आल्यावर तिनं विळा खाली ठेवला.

"काय झालं?" म्हातारीनं विचारलं. ती मागून पेंढ्या बांधत होती.

"हा कोपरा सोडायचा."

"हा कोपरा आहे? सहा पेंढ्या निघतील यात! बाकीच्यांनी बघ, मूठमूठ सोडलंय. आणि तू सोडतेस तरी कुणासाठी, विधवा बाई? गाव काय म्हणेल?"

"म्हणू दे, आत्याबाई."

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. ती वाकलेली होती, आंधळी नव्हती. "सांगण्यासारखं काही आहे का?"

"उद्या सांगते," शिमत म्हणाली. तो कोपरा म्हणजे देणं होतं आणि अपमानही होता. तू आता इथला नाहीस, बाहेरचा तू आहेस, पोट भरायला ये, असं ती त्याच्याच शेतात उभी राहून त्याला सांगत होती. त्यानं तो घेतला तर घर तिचं. नाही घेतला, तर उद्या बोचकं बांधायचं.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर सगळे जमले. शिपाईही आला होता, घर रिकामं करून द्यायला. इद्दिननं विचारलं, "हं बुवा, कापणी झाली. दाखवा बोट."

गद्दियाव उभा राहिला. खळ्यावरून शिमतचं घर समोर दिसत होतं, अंजीरही, आणि अंजिराखालचा उभा कोपराही. त्यानं तिकडे बराच वेळ पाहिलं. शिमतनं म्हातारीचा हात घट्ट धरला. मग गद्दियाव वाकला, जवळ पडलेला कुणाचा तरी विळा उचलला, आणि लंगडत उतरून तिच्या शेतात गेला. कोपऱ्यात जाऊन त्यानं पहिली मूठ धरली आणि कापली.

खळ्यावर जो हशा उसळला तो पलीकडच्या डोंगरात ऐकू गेला असेल.

"बुवा!" इद्दिन हसत ओरडला. "तिथं कोण कापतो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," गद्दियावनं मान न उचलता उत्तर दिलं. "गेर."

लोक आणखी हसले. म्हातारीनं सुनेकडे पाहिलं, सुनेच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं, आणि ती हसायची थांबली.

"आणि घर?" शिपायानं कंटाळून विचारलं.

"कोपरा कापणाऱ्याला घर नसतं," गद्दियाव म्हणाला. "पडवी बरी आहे माझी. तसं लिहून टाका."

सहा नाही, सात पेंढ्या निघाल्या. त्यानं त्या दोन खेपांत टेकडीवर नेल्या.

संध्याकाळी शिमतनं म्हातारीला सगळं सांगितलं. म्हातारीनं सातूचं सूप तिच्या पुढ्यात सरकवलं. मग म्हणाली, "नव्या सातूच्या भाकरी घाल, आणि नेऊन दे त्याला. गाव बोलणार ते बोलणारच आहे, निदान कारण तरी असू दे."

पडवीला धड दारच नव्हतं. दोन खांब होते आणि वरचं छप्पर डोक्याच्याही हातभर वर. शिमतनं हाक मारली, तसा गद्दियाव बाहेर आला. वाकून आला, जरा डावीकडे. शिमतला हसू फुटलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. भाकरी आहेत. आत ठेवते."

ती खांबांमधून आत गेली, टोपली ठेवली आणि बाहेर आली. गद्दियाव तिच्याकडे बघून हसत होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"तुम्हीही वाकलात," तो म्हणाला.